लाटेच्या गावातलं बिऱ्हाड

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं कुणी केली त्याला भाड्याची जागा शोधावी लागली नसावी. निदान सांताक्रूझमध्ये तर नक्कीच नसावी. सांताक्रूझ म्हटल्यावर मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे पश्चिम रेल्वेचं स्टेशन आणि डोक्यावरून घरघरत जाणारी विमानं येतील. आम्ही निघालो तेव्हा दादरच्या काकांनी विचारलंही होतं, ‘अगं, सांताक्रूझला जायला व्हिसा कशाला?’ पण हे सांताक्रूझ अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर, माँटेरे उपसागराच्या उत्तर टोकाला वसलेलं. वस्ती साठ हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण सर्फिंगच्या दुनियेत या गावाचं नाव पंढरीसारखं घेतात. ‘सर्फ सिटी’ हे बिरुद कुणाचं, यावरून दक्षिणेकडच्या हंटिंग्टन बीचशी याचं भांडण थेट कोर्टापर्यंत गेलं होतं.

माझ्या नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची जागा मिळाली, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि आठ वर्षांची लेक, चार बॅगा घेऊन तिथे उतरलो. पुढची पावणेतीन वर्षं आम्ही लाटेच्या हाकेवर राहिलो. तिथे समुद्र फुकट मिळाला, आणि त्याच्या काठी पाठ टेकायला जागा मिळवणं किती महाग पडतं तेही कळलं. या दोन गोष्टी एकाच गावात कशा नांदतात, त्याची ही हकिगत.

गंमत म्हणजे सर्फिंग या गावात आलं तेच परगावाहून राहायला आलेल्या पाहुण्यांबरोबर. १८८५ साली हवाईच्या राजघराण्यातले तीन तरुण, राणी कपिओलानीचे भाचे, जवळच्या सॅन मटेओच्या लष्करी शाळेत शिकत होते. सुटीत ते सांताक्रूझला येत आणि मूळच्या हवाईच्या अँटोनेट स्वान या बाईंच्या घरी उतरत. त्यांनी इथल्याच रेडवूड झाडाच्या लांब फळ्या कापून घेतल्या आणि सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी लाटांवर उभं राहून दाखवलं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या सर्फिंगची ही पहिली नोंद मानतात. त्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात सापडल्या आणि २०१५ मध्ये सांताक्रूझकरांना पाहायलाही मिळाल्या. वेस्ट क्लिफच्या कड्यावर एक टुमदार दीपगृह आहे, त्यात १९८६ पासून सर्फिंगचं चिमुकलं संग्रहालय आहे. त्याच्या खालीच ‘स्टीमर लेन’ ही नामांकित लाट फुटते. कठड्याला टेकून उभं राहिलं की फळीवरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचे भावसुद्धा दिसतात.

असो. आम्हाला आधी लाट नको होती, छप्पर हवं होतं. तीन आठवडे आम्ही मोटेलच्या एका खोलीत काढले. सकाळी नवरा विद्यापीठात जाई आणि मी जागा बघत हिंडे. आपल्याकडे एजंट गाठायचा, दोन-चार जागा बघायच्या, एक महिन्याची दलाली आणि अनामत मोजायची आणि अकरा महिन्यांचा करार करायचा. तिथली तऱ्हा निराळी. जागा बघायला एकाच वेळी वीस-पंचवीस माणसं आलेली असत, बाहेर फुटपाथवर रांग लावून. प्रत्येकाच्या हातात फाइल. तिच्यात पगाराच्या पावत्या, बँकेचे कागद, आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र. अर्ज तपासायची फी माणशी पन्नास-साठ डॉलर. जागा मिळो न मिळो, तो खर्च गेलाच. पगार भाड्याच्या तिप्पट हवा, ही बहुतेक ठिकाणची अट. आणि सगळ्यांत मोठा अडसर ‘क्रेडिट’चा. आम्ही आयुष्यात कुणाचं एक पैशाचं देणं ठेवलं नव्हतं, तेच तिथे आमच्या विरुद्ध गेलं. कर्ज घेऊन फेडल्याची नोंद नाही, म्हणजे हा माणूस भरवशाचा की नाही कसं कळणार? चौदा अर्ज केले. बाराजणांनी उत्तरही दिलं नाही.

पंधराव्या खेपेला सीब्राइट भागातल्या एका ऐंशी वर्षांच्या बाईंनी दार उघडलं. त्यांच्या परसात दोन खोल्यांचं एक सुटं घरकुल होतं. अशा घरांना तिथे ‘ग्रॅनी युनिट’ म्हणतात, म्हणजे आजीसाठी बांधलेली खोपटी. बाईंनी ते खरोखरच आपल्या आईसाठी बांधलं होतं. त्यांनी क्रेडिट विचारलं नाही, लेकीला विचारलं, ‘तुला पोहता येतं का?’ महिना २४०० डॉलर भाडं आणि दोन महिन्यांची अनामत ठरली. (अनामतीची ही मर्यादा राज्यानं १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांसाठी एका महिन्यावर आणली.) नवऱ्याच्या हाती पडणाऱ्या पगारातला निम्म्याहून अधिक भाग भाड्यातच जाणार होता, तरी ज्याला त्याला सांगितलं की समोरचा डोळे विस्फारून म्हणे, ‘एवढं स्वस्त?’ मला नावानंच हाक मार, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळली नाही. मी ‘आजी’ म्हणू लागले. अर्थ कळल्यावर त्यांना ते इतकं आवडलं की टपालपेटीवर त्यांनी इंग्रजी अक्षरांत तसं लिहूनच टाकलं.

घर नदीच्या मुखापासून दहा मिनिटांवर. वारा पडला की १९२४ सालच्या ‘जायंट डिपर’ या लाकडी पाळण्यातून सुटणाऱ्या किंकाळ्या ओट्यावर ऐकू येत आणि रात्री धक्क्याखालचे समुद्रसिंह भुंकत. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, असं डोक्यात घेऊन मी गेले होते. प्रत्यक्षात जून-जुलैत सकाळी दाट धुकं आणि अंगात स्वेटर. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट, कपाटाच्या मागे बुरशी, सायकलच्या साखळीला महिन्यात गंज. माझं आजोळ रत्नागिरीचं, त्यामुळे खारी हवा घराचं काय करते ते मला नवं नव्हतं. आजींनी कपाटात खडूच्या कांड्या ठेवायला दिल्या, मी त्यांना भिजट काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवायला शिकवलं.

घरासमोरचा रुंद पुळणही पूर्वी एवढा नव्हता, असं त्या सांगत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारी होड्यांचं बंदर बांधलं, समुद्रात दगडी बांध घातले. लाटांबरोबर पूर्वेकडे सरकणारी वाळू बांधाशी अडली. सीब्राइटचा किनारा फुगला आणि पलीकडच्या कॅपिटोला गावाची चौपाटी वाहून गेली. एकाच्या दारात साठलेली वाळू दुसऱ्याच्या दारातून गेलेली असते, हे मला पुढे वेगळ्या अर्थानं आठवायचं होतं.

पहिल्या वर्षी लेक सर्फिंग शिकली आणि तिच्या मागे मीही. कॉवेल्सची लाट म्हणजे नवशिक्यांची बालवाडी. लांब, संथ, अंगावर न येणारी. पाणी मात्र बारा-तेरा अंशांचं. अंगाला घट्ट बसणारा रबरी वेटसूट नसेल तर पंधरा मिनिटांत दात वाजू लागतात. हा पोशाख घरोघरी पोचवणारे जॅक ओ’नील याच गावचे. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी सर्फिंगचं दुकान काढलं, १९५९ मध्ये ते इथे आले आणि २०१७ मध्ये वारले. चाळिशीतली, साडीत वाढलेली बाई तो पोशाख चढवताना काय दिसते याचं वर्णन मी करणार नाही. पण पाण्यात कुणी कुणाकडे बघत नाही. सगळ्यांचे डोळे क्षितिजाकडे.

त्या पाण्यात एक अलिखित कायदा आहे. लाट जिथून फुटायला लागते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. आणि लाट घेऊन झाली की वळसा घालून परत यायचं, पुन्हा आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. डॉक्टर असो, नळ दुरुस्त करणारा असो की विद्यार्थी असो, आगाऊ भाडं नाही, अनामत नाही. नियम मोडणारे असतात, परक्यावर डोळे वटारणारे ‘इथले’ही असतात, तरी एकंदरीत रांग चालते.

किनाऱ्यावर सर्वांचा हक्क, हे तिथे नुसतं बोलण्यापुरतं नाही. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी किनारा वाचवण्यासाठी मत दिलं, १९७६ मध्ये त्याचा कायमचा कायदा झाला. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सार्वजनिक आहे. कोट्यधीशाच्या बंगल्यासमोरही तुम्ही टॉवेल अंथरून बसू शकता. बसता येतं, पण राहता येत नाही. रात्री बारा ते पाच मोठ्या गाड्या रस्त्यावर उभ्या करायच्या नाहीत, असा ठराव शहरानं २०२१ मध्ये केला, आणि बऱ्याच वादानंतर २०२३ मध्ये किनारा आयोगानं त्याला संमती दिली. या गाड्यांमध्ये राहणारी माणसं म्हणजे काही नुसते भटके सर्फर नव्हेत. लेकीच्या शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलं सांभाळायचं काम मला मिळालं होतं. तिथली एक मदतनीस बाई सात महिने व्हॅनमध्ये राहून वेळेवर कामाला येत होती.

एवढी टंचाई का, याचे आकडे बोलके आहेत. ‘नॅशनल लो इन्कम हाउसिंग कोअलिशन’ ही संस्था दरवर्षी अमेरिकेतल्या भाड्यांचा हिशेब मांडते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी ओळीनं तीन वर्षं तिच्या यादीत देशातला सर्वांत महाग भाग म्हणून सांताक्रूझ-वॉट्सनव्हिलचं नाव आलं. न्यूयॉर्क नाही, सॅन फ्रान्सिस्को नाही, हे लाटेचं गाव! २०२४ च्या हिशेबात दोन बेडरूमच्या साध्या जागेचं भाडं महिना ४०५४ डॉलर, त्या वेळच्या दरानं जवळजवळ तीन लाख चाळीस हजार रुपये. भाडं उत्पन्नाच्या तीस टक्क्यांत बसवायचं तर तासाला ७७.९६ डॉलर कमवायला हवेत. राज्याचं किमान वेतन तेव्हा होतं १६ डॉलर. म्हणजे एका घरात जवळजवळ पाचजणांनी पूर्ण वेळ राबायचं.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या मोकळ्या रानाला १९७९ मध्ये मतदारांनीच हरित पट्टा म्हणून संरक्षण दिलेलं. ते रान फार सुंदर आहे, मी तिथे तासन्‌तास चालले आहे. पण तिथे घर होणार नाही. टेकडीवर १९६५ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, आज त्यात एकोणीस-वीस हजार विद्यार्थी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना गावातच जागा शोधावी लागते. घाटापलीकडे तासाभरावर सिलिकॉन व्हॅली. तिथल्या पगाराचा माणूस समुद्रासाठी इकडे येतो. आपली मराठी मंडळीही सॅन होजे, सनीव्हेल, फ्रिमाँटला भरपूर; २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेलाच झालं. तिथे भेटलेली मंडळी कौतुकानं म्हणत, ‘तुम्ही समुद्रावर राहता? मजा आहे!’ त्यांतल्या दोघा-तिघांनी आमच्या गावात घर घेऊन ठेवलं होतं, शनिवार-रविवारपुरतं. अलिबागला घर घेऊन ठेवतात तसंच.

त्यात निसर्गाचे तडाखे. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर होता. सारा मध्य बाजार कोसळला. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात काउंटीतली नऊशेहून अधिक घरं जळली. जानेवारी २०२३ च्या वादळात वेस्ट क्लिफचा रस्ता जागोजागी ढासळला. आणि २३ डिसेंबर २०२४ ला तर १९१४ सालच्या लाकडी धक्क्याचं टोकच लाटांनी तोडून नेलं. त्यावरचं स्वच्छतागृह अख्खंच्या अख्खं तरंगत नदीच्या मुखाशी येऊन लागलं. आम्ही सारे ते बघायला धावलो. गर्दीत कुणीतरी म्हणालं, ‘समुद्रकाठची एक खोली रिकामी झाली, भाडं किती?’ सगळे हसले. त्या गावात विनोदही भाड्याचेच.

रोष मात्र विनोदावर थांबत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये विद्यापीठातल्या शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी, भाडं परवडत नाही म्हणून महिना १४१२ डॉलर वाढवून मागितले आणि गुण जाहीर करायचं नाकारलं. कित्येकांची नोकरी गेली, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे परत घेतलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यभरच्या शाखांतले सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले, त्यांत माझा नवराही होता. येऊन तीन महिने झालेले, व्हिसा परक्या देशाचा, रात्री झोप नव्हती. पगार वाढला. पण २०१८ मध्ये गावात भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव मतदानाला आला होता, तो मतदारांनी फेटाळला होता. राज्यातही २०१८, २०२० आणि २०२४ असा तीनदा तसाच कौल लागला. राज्याच्या २०१९ च्या कायद्यानं वार्षिक भाडेवाढीला कमाल दहा टक्क्यांची मर्यादा आहे, तेवढाच आधार. आणि तोही सगळ्या जागांना लागू नाही.

आजी २०२४ च्या हिवाळ्यात गेल्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या ओट्यावर बसून लाटांचा आवाज ऐकत आणि ‘आज मोठ्या आहेत’ असं सांगत. त्यांनी ते घर १९७४ मध्ये घेतलं होतं. १९७८ च्या ‘प्रस्ताव १३’ मुळे कॅलिफोर्नियात घरपट्टी जुन्या किमतीला बांधलेली राहते, वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढते. म्हणून त्यांना घर परवडत होतं आणि म्हणून आम्हालाही कमी भाड्यात देता येत होतं. पण २०२० मध्ये मतदारांनी नियम बदलला. आता मुलं स्वतः त्या घरात राहणार असतील तरच जुनी घरपट्टी चालू राहते. आजींचा मुलगा ओरेगनला, मुलगी टेक्ससला. नव्या दरानं घरपट्टी भरायची, नाहीतर घर विकायचं. घराची किंमत पंधरा लाख डॉलरच्या वर. त्यांनी विकायचं ठरवलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्हाला साठ दिवसांची नोटीस मिळाली. मुलगी स्वतः येऊन, डोळ्यांत पाणी आणून देऊन गेली. कायद्याप्रमाणे शेवटच्या महिन्याचं भाडं माफ केलं, अनामत मुदतीत परत केली. गणपतीच्या तसबिरीसाठी मारलेल्या खिळ्याचे पैसेसुद्धा कापले नाहीत. कुणीही वाईट वागलं नाही. सगळं नियमानं झालं, आणि आमचं बिऱ्हाड उठलं. हीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. कुणी दुष्ट घरमालक असता तर त्याला चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

पाण्यातल्या रांगेचा कायदा मला त्या दिवसांत फार आठवे. लाटेवरून कितीही झोकात गेलेला माणूस शेवटी वाळूशी येतो, आणि मग त्याला परत रांगेत जावं लागतं. जमिनीवर तसं नाही. ज्यांनी १९७४ मध्ये लाट पकडली, ते अजून तिच्यावरच आहेत. त्यांनी काही चोरलेलं नाही; आजींसारखे कित्येक आपल्या जागेतला वाटा इतरांना देतातही. पण तो वाटा एका म्हातारीच्या मायेवर आणि आयुष्यावर टांगलेला असतो. किनारा सर्वांचा राहावा म्हणून या राज्यानं कायदा केला आणि तो पाळून दाखवला. त्या किनाऱ्यावर जी माणसं मुलं शिकवतात, रुग्ण सांभाळतात, हॉटेलातल्या बशा धुतात, त्यांना जवळपास राहता यावं म्हणून मात्र तसं धाडस अजून झालेलं नाही. त्यामुळे लेकीच्या शाळेत दोन वर्षांत तिचे तीन शिक्षक गाव सोडून गेले.

नोटिशीला दाद न देणारी एकच रहिवासी मी तिथे पाहिली. २०२३ च्या उन्हाळ्यात ८४१ क्रमांकाची एक सागरी ऑटर, म्हणजे समुद्रातली ऊदमांजरी, सर्फरांच्या फळ्या हिसकावून त्यांवर चढून बसू लागली. सरकारी खात्यांनी तिला पकडून हलवायचे नाना प्रयत्न केले. ती सापडली नाही, आणि पुढे तिला पिल्लूही झालं. सारं गाव तिच्या बाजूनं होतं. भाडेकरू तर विशेषच!

आम्ही आता वॉट्सनव्हिलमध्ये राहतो. काउंटी तीच, पण पंचवीस-तीस किलोमीटर आत. भोवती स्ट्रॉबेरीची शेतं. इथलं भाडंही काही कमी नाही, फक्त इथे एका जागेत दोन कुटुंबं राहून ते भरतात. शेजारीण मेक्सिकोहून आलेली, हंगामात आठवड्याचे सहा दिवस वाकून स्ट्रॉबेरी खुडते. रविवारी मी लेकीला कॉवेल्सला नेते तेव्हा तिच्या दोन मुलांनाही गाडीत घेते. मागच्या महिन्यात तीही आली. अकरा वर्षं ती या भागात आहे, आणि समुद्र तिच्या शेतापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. पायातले बूट काढून ती पहिल्यांदाच पाण्यात उभी राहिली, घोट्यापर्यंत. थंडीनं ओरडली, मग हसली, आणि मला विचारलं, ‘इथे यायला पैसे पडत नाहीत ना?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘इथे उभं राहायला पैसे पडत नाहीत.’